टीबीएल शिकवायचं तर आधी सरांनाच बाकावर बसवा

पत्र (थोडं कमी करून):

"नमस्कार सर, मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजीला असोसिएट प्रोफेसर आहे. आमची बॅच दीडशेची. गेल्या वर्षी एमईयूचं (कॉलेजातल्या टीचरना ट्रेनिंग देणाऱ्या युनिटचं) काम माझ्याकडं आलं आणि टीम-बेस्ड लर्निंग (टीबीएल) सगळ्यांनी सुरू करावं म्हणून मी एक दिवसाचं वर्कशॉप घेतलं. साठ टीचर आले, मी रात्री जागून ऐंशी स्लाइड्स केल्या होत्या, सर्टिफिकेटं वाटली, फोटो झाले, सगळे छान म्हणाले. आज पाच महिने झाले. दोघांनी करून बघितलं, तेही पोरांना गटात बसवून टॉपिक वाटून पीपीटी करायला लावले एवढंच. बाकी कुणीच काही नाही. आमचे एचओडी सर म्हणतात, 'मॅडम, हे काय नवीन काढायलात, पोरं वाचूनच येत नाहीत तर कशाची टीम.' मी स्वतः बॉडी फ्लुइड्सवर एक सेशन घेतलं, त्यातला अॅप्लिकेशनचा, म्हणजे शिकलेलं वापरून टीमनं सोडवायचा प्रश्न सोबत पाठवते, तोही फसला, पोरं गप्पा मारत बसली. पुढचं वर्कशॉप घेऊ की नाद सोडू?"

मॅडम, नाद सोडू नका. पण ते वर्कशॉप तसंच परत घेऊ पण नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला माझं पहिलं वर्कशॉप आठवलं, कारण मीही हेच केलं होतं, फरक एवढाच की माझ्या वेळी स्लाइड्स ट्रान्सपरन्सीवर होत्या. मी दिवसभर बोललो, लोकांनी माना डोलावल्या, आणि महिन्याभरानं कॉरिडॉरमध्ये एक ज्युनियर मला म्हणाला की सर ते तुमचं काय होतं हो, टीमचं, ते नेमकं करायचं कसं. मला तेव्हा फार लागलं ते. पण त्याचं बरोबर होतं, मी त्याला टीबीएलबद्दल सांगितलं होतं, टीबीएल दिलं नव्हतं. पोहण्यावर लेक्चर ऐकून कुणी विहिरीत उडी टाकत नाही. तुमच्या साठ जणांनी टीबीएल आजपर्यंत एकदाही पोराच्या जागी बसून अनुभवलेलं नाही, मग त्यांनी हाताशी असलेली ओळखीची गोष्ट केली, गट पाडले आणि पीपीटी करायला लावली. त्यांचा दोष नाही त्यात.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण तुमच्या एचओडी सरांना ही उपयोगी पडेल. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन नावाचे बिझनेस शिकवणारे प्राध्यापक होते, त्यांचा वर्ग ४० वरून एकदम १२० चा झाला. चर्चा करून शिकवायची त्यांची सवय, आणि १२० पोरांशी एकटा माणूस चर्चा करणार कसा, या अडचणीतून त्यांनी ही पद्धत बसवली. म्हणजे ही पद्धत जन्मालाच मोठ्या वर्गासाठी आलीय, एक सर आणि खच्चून भरलेला हॉल यासाठी. दहा ट्यूटर आणि दहा खोल्या लागतात ते वेगळं, ते पीबीएल, प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग. आपल्याकडं संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूरची जुनी कॉलेजं घ्या नाहीतर परभणी, धाराशिव, हिंगोली, जालन्याची आत्ता आत्ता सुरू झालेली, माणसं कमी ही तक्रार कुठंही ऐकू येते, म्हणून तर मला वाटतं टीबीएल आपल्यासाठीच आहे. आणि २०१९ च्या बॅचपासून सीबीएमई, म्हणजे एमबीबीएसचा नवा कौशल्यांवर आधारलेला अभ्यासक्रम आला तेव्हाच नियमात लिहिलंय की लेक्चर एकूण वेळेच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त नको. टाइमटेबलवर आपण एसजीडी (छोट्या गटातली चर्चा) लिहितो आणि आत जाऊन लेक्चरच घेतो हे तुम्हालाही माहितीय, मलाही.

तर आता कसं करायचं ते सांगतो.

साठ जण नको. आठ-दहा घ्या, ज्यांना मनातून करायचंय असे, त्यात एखादा क्लिनिकलचा, एखादी पॅथॉलॉजीची, एखादा फार्माकचा, आणि जमलं तर एक जण असा की ज्याचा या सगळ्यावर विश्वास नाही पण माणूस सरळ आहे. एका दिवसाचं वर्कशॉप पण नको, तीन बैठका करा, मध्ये दोन-दोन आठवडे सोडून, शनिवारी दुपारी.

पहिल्या बैठकीत तुम्ही स्लाइड एकही दाखवायची नाही. पाच दिवस आधी पाच-सहा पानं व्हॉट्सअॅपवर पाठवा, टीबीएलवरचीच चालतील, आणि सांगा की यावर टेस्ट आहे. निम्मे वाचून येणार नाहीत. येऊ द्या तसेच. आल्या आल्या दहा एमसीक्यू, एकट्यानं, पंधरा मिनिटं, पुस्तक बंद. ही झाली आयरॅट. मग पेपर गोळा करायचे, उत्तरं सांगायची नाहीत, आणि त्याच दहा प्रश्नांवर पाच जणांच्या टीमनं मिळून एकच उत्तर ठरवायचं, ही टीरॅट. इथं स्क्रॅच कार्ड लागतं, खरवडलं की खाली चांदणी निघाली तर बरोबर, चार मार्क, नाही निघाली तर परत चर्चा करून दुसरं खरवडायचं, दोन मार्क, मग एक, मग शून्य. ही खरवडायची गोष्ट नुसती गंमत नाहीय हं, उत्तर तिथल्या तिथं कळतं त्यामुळं सरांकडं कुणी बघतच नाही, सगळे एकमेकांकडं बघतात आणि "मी म्हणलो होतो बी आहे म्हणून" हे वाक्य प्रत्येक टेबलावरून ऐकू येतं. आणि जो गप्प बसला होता पण ज्याला येत होतं, त्याला पुढच्या प्रश्नाला सगळे विचारतात.

एक काळजी मात्र घ्या. आयरॅटच्या पेपरवर नाव नको, कोड नंबर द्या. आपल्याकडं प्रोफेसरला दहापैकी चार पडले आणि ते ट्यूटरला कळलं तर तो माणूस पुन्हा तुमच्या बैठकीला येणार नाही. माझ्या एका बैठकीत मेडिसिनचे एक फार सिनियर सर होते, ते वाचून आले नव्हते, त्यांनाच नंतर सांगावंसं वाटलं म्हणून सांगतो, एकट्यानं चार आणि टीमबरोबर नऊ. आणि जो एक गेला त्यावर ते पुस्तक उघडून बसले, पान दाखवून लेखी अपील केलं की प्रश्नाचा शब्दच चुकलाय. अपील मान्य करावं लागलं मला, प्रश्न खरंच संदिग्ध होता. जाताना म्हणाले, "अरे, वाचून आलो असतो तर बरं झालं असतं." हे वाक्य मी शंभर स्लाइड्स दाखवून त्यांच्या तोंडून काढू शकलो नसतो. आणि पोरं वाचून का येत नाहीत याचं उत्तरही त्यांना तिथंच मिळालं, न वाचता आलं तर काहीच बिघडत नाही म्हणून येत नाहीत.

इथंच तुमच्या एचओडी सरांचा मुद्दा येतो. पोरं पहिल्या वेळी वाचून येणार नाहीतच, दुसऱ्या वेळी थोडी येतील. सगळ्यात मोठी चूक आपले लोक इथं करतात, की पोरं वाचून आली नाहीत हे दिसलं की सरांना दया येते किंवा राग येतो आणि ते खडू उचलून सगळा टॉपिक शिकवून टाकतात. झालं, पोरांना कळलं की वाचलं नाही तरी चालतंय. त्या दिवशी टेस्टमध्ये जे फार चुकलं तेवढंच दहा-पंधरा मिनिटं सांगायचं आणि पुढं जायचं, मन घट्ट करून. टीचर ट्रेनिंगमध्ये हे मुद्दाम सांगा, कारण हे जमायला सगळ्यात अवघड आहे, टीमा पाडण्यापेक्षा कितीतरी अवघड.

दुसरी बैठक टेस्टनंतर टीमांना द्यायचे अॅप्लिकेशनचे प्रश्न लिहायची, आणि खरं काम इथं आहे. तुम्ही पाठवलेला प्रश्न असा: "डिहायड्रेशनचे प्रकार सांगून प्रत्येकात ईसीएफ व आयसीएफमध्ये होणारे बदल टीममध्ये चर्चा करून लिहा." (ईसीएफ म्हणजे पेशींबाहेरचं पाणी, आयसीएफ म्हणजे पेशींतलं.) मॅडम, हा युनिव्हर्सिटीच्या पेपरचा प्रश्न आहे, आणि पेपरचा म्हणून चांगला आहे. पण टीमला तो दिला की काय होतं, एकीचं अक्षर चांगलं म्हणून ती लिहिते, एक जण पुस्तकातलं सांगतो, उरलेले चार मोबाइलवर. भांडायला त्यात काही नाहीच ना. मग पंचवीस टीमा तेच तेच वाचून दाखवणार, तिसऱ्या टीमनंतर कोण ऐकतंय.

तोच टॉपिक असा करून बघा. ३२ वर्षांचा ऊसतोड कामगार, वजन ५० किलो, रात्रीपासून पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या, पहाटे फडावरून बैलगाडीत आणि तिथून जीपमध्ये घालून पीएचसीला आणलाय. ग्लानीत आहे, पाणी तोंडात घातलं तर गिळत नाही, नाडी १३० आणि जेमतेम हाताला लागते, बीपी ७०/४०. शीर सापडलीय. कपाटात चार गोष्टी आहेत, ए ५ टक्के डेक्स्ट्रोज, बी रिंगर लॅक्टेट (आरएल), सी डीएनएस (डेक्स्ट्रोज आणि मीठ दोन्ही असलेलं सलाइन), डी ओआरएसची पाकिटं आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी). पहिल्या अर्ध्या तासासाठी यातलं एकच घ्या. सगळ्या टीमांना हाच प्रश्न, दहा मिनिटं, आणि मी तीन म्हणलं की पंचवीस कार्डं एकदम वर.

हा मी वर्गात घेतलाय. बी ची कार्डं जास्त आली पण सी ची पण सात-आठ आली, आणि मी मुद्दाम सी वाल्यांना आधी विचारलं. मागच्या रांगेतली किनवटकडची एक मुलगी उभी राहिली, म्हणाली सर आमच्या गावात डॉक्टर हीच बाटली लावतात, मीठ पण आहे आणि साखरेनं ताकद पण येते. अगदी मनापासून म्हणाली ती. मी काहीच बोललो नाही. मनात दहा आकडे मोजले, आणि आठच्या आसपास दुसऱ्या टीममधला एक मुलगा उठला, म्हणाला पण लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते, याला किलोला ३० मिलीनं दीड लिटर द्यायचं तर अर्ध्या तासात ७५ ग्रॅम साखर गेली, मग ती लघवीतून जाताना पाणी घेऊन जाईल की. त्यावर तिसरी टीम, आणि यात पोटॅशियम नाही, जुलाबात तर तेच गेलंय, आरएल मध्ये थोडं तरी आहे आणि लॅक्टेटचं बायकार्ब होतं, ते रक्तातलं आम्ल कमी करतं. मग ए वाल्यांना मी फळ्यावर बोलावलं आणि एक लिटर डेक्स्ट्रोज कुठं कुठं जातं ते वाटून दाखवायला लावलं. साखर पेशींनी घेतली, उरलं नुसतं पाणी, ते सगळ्या कप्प्यांत पसरलं, रक्तवाहिनीत राहिलं साधारण बारावा हिस्सा, म्हणजे ८० मिलीच्या आसपास, अर्धा कप चहा. आरएल पेशीत शिरत नाही, त्याचा साधारण चौथा हिस्सा, २५० मिली, आत राहतो. ज्या मुलानं हे फळ्यावर मांडलं तो स्वतः ए चं कार्ड घेऊन आला होता, आणि मांडता मांडता मध्येच थांबून त्यानं आपल्या टीमकडं बघितलं आणि कार्ड खाली ठेवलं. ईसीएफ, आयसीएफ, टॉनिसिटी (पाणी पेशीत शिरणार की बाहेर येणार ते), सगळं झालं की नाही यात? तुमच्याच प्रश्नातलं सगळं. नंतर अर्धं पान सांगायला मला काही राहिलंच नव्हतं, फक्त पुढच्या अडीच तासात किलोला ७० मिली हे जोडलं.

तर दुसऱ्या बैठकीत प्रत्येकानं आपापल्या विषयाचा असा एक प्रश्न लिहून आणायचा आणि बाकीच्यांनी पोरं होऊन तो सोडवायचा. तपासायला चारच गोष्टी: प्रश्न खराखुरा वाटतो का, सगळ्या टीमांना एकच आहे का, उत्तर एकाच निवडीचं आहे का, आणि सगळे एकदम दाखवणार का. आणि माझी पाचवी, आठ जणांत सगळ्यांनी एकच कार्ड वर केलं तर प्रश्न सोपा आहे, घरी घेऊन जा. पहिले मसुदे फसतात, सगळ्यांचे फसतात, एक चांगला प्रश्न बसायला मला आजही दोन-तीन संध्याकाळी लागतात. म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येक विभागानं तीन-चारच टॉपिक घ्यावेत, सगळा सिलॅबस टीबीएलनं करायला जाऊ नका. आणि बेडसाइडला हात लावून शिकायचं ते तिथंच शिकायचं, त्याला हे पर्याय नाही.

तिसरी बैठक म्हणजे बैठक नाहीच, प्रत्येकाचा स्वतःचा वर्ग, आणि मागं तुमच्यातला दुसरा एक जण बसलेला. तो फक्त दोन गोष्टी लिहितो, सर किती मिनिटं बोलले आणि प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबले. नंतर चहा घेत दोघांनी बोलायचं. मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की तुम्ही दोन सेकंदात स्वतःच उत्तर दिलंत, तोपर्यंत मला वाटत होतं मी फार वेळ थांबतो. त्या शांततेची आपल्याला भीती वाटते हो, वाटतं पोरं म्हणतील सरांनाच येत नाही. ही भीती बैठकीत उघड बोला, सिनियर लोकांना ती जास्त असते कारण तीस वर्षं त्यांचा मान त्यांच्या बोलण्यात होता.

टीमा मात्र पोरांना पाडू देऊ नका. लातूरला क्लास केलेली एकीकडं, हॉस्टेलच्या एका रूमवाली एकीकडं, झेडपी शाळेतून मराठीत शिकून आलेली कोपऱ्यात, असं होतं बघा. सगळ्यांसमोर उघडपणे पाडा, आधी कोण डॉक्टरांच्या घरातलं, कोण घरातलं पहिलंच शिकणारं, कोण मराठी मीडियमचं असं विचारून लाइन लावायची, आणि एक ते पंचवीस आकडे मोजत जायचं, एक आकड्याची एक टीम. सहा-सहाच्या पंचवीस, आणि सहा महिने तीच टीम, बदलायची नाही. टीममध्ये मराठीत बोलू द्या, हिंदीत बोलू द्या, इंग्रजी फक्त प्रश्नपत्रिकेत. माझ्याकडं एक मुलगा होता, वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही त्यानं, टीममध्ये तो मराठीत असा समजावून सांगायचा की शेजारची टीम कान देऊन ऐकायची.

फिक्स बाकांच्या गॅलरीत होतं का हे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल, होतं. पुढच्या रांगेतल्या तिघांनी मागं वळायचं, झाली टीम. स्क्रॅच कार्डाचं म्हणाल तर प्रेसमध्ये छापून मिळतात, नाहीतर प्रत्येक पर्यायावर जाड कागदाचं स्टिकर लावा. पण हिशोब करा, पंचवीस टीमा गुणिले दहा प्रश्न गुणिले चार म्हणजे हजार स्टिकर, ट्यूटर लोक वैतागतील, म्हणून पहिल्यांदा पाचच प्रश्न ठेवा. टीममधल्या पोरांनी एकमेकांना मार्क द्यायचा भाग सुरुवातीला मार्कांसाठी नको, आपल्याकडं सगळे सगळ्यांना दहापैकी दहा देतात, दोस्ती तुटायची भीती असते. त्यापेक्षा प्रत्येकानं बाकी पाच जणांसाठी एक-एक वाक्य लिहायचं, तुझ्यामुळं टीमला काय मिळालं आणि पुढच्या वेळी काय कर. नावाशिवाय. ती वाक्यं पोरं जपून ठेवतात.

राहिले एचओडी सर. त्यांना वर्कशॉपला ओढू नका. तुमचं पुढचं सेशन ठरलं की त्यांना सांगा, सर, टेस्टनंतर पोरांना जे दोन मुद्दे जमणार नाहीत ते तुम्हीच पंधरा मिनिटं समजावून सांगा, तुमच्यासारखं ते मला जमत नाही. हे खरं असेल तरच म्हणा, पण बहुतेक खरंच असणार. मग अॅप्लिकेशनला त्यांना तिथंच बसू द्या, पंचवीस कार्डं वर जाताना बघू द्या. आणि वरचा ऊसतोडवाला प्रश्न बिनधास्त वापरा, फक्त आधी तुमच्या आठ जणांवर चालवून बघा आणि सी ला किती कार्डं आली ते मला कळवा.